हजेरीच्या सह्यांखालचा ठराव

रविवार, ३ मार्च १९९१. दुपारी साडेतीन. जागा: मंडळाचा हॉल, खाडीजवळ, कल्याण.

हजर: अध्यक्षबाई. चिटणीस, म्हणजे मी. खजिनदारबाई. शहाडच्या दोघी, त्यातली एक उशिरा. आंबिवलीची एक, कडेवर नातवासह. बंदरावरची कोळी मावशी. शिवण विभागाच्या आणखी पाच जणी. गैरहजर: दोघी, एकीच्या घरी लग्न, दुसरीला ताप.

वहीच्या त्या पानावर माझ्या अक्षरात एवढंच आहे. खाली बारा सह्या आहेत. त्याखालचा मजकूर माझा नाही.

सभा सुरू होण्याआधी सह्या घ्यायची पद्धत मी पाडली होती. त्याला कारण होतं. आमच्या बायका एका वेळी कधीच उठायच्या नाहीत. पाचला नळाला पाणी येई म्हणून दोघी आधी निघत, आंबिवलीच्या बाईला कसाऱ्याची गाडी गाठायची असे, आणि सभा संपेपर्यंत सतरंजी गुंडाळायला मी आणि अध्यक्षबाई दोघीच उरत असू. शेवटी सह्या घ्यायच्या तर कागदावर सभा दोघींचीच. म्हणून सह्या आधी आणि ठराव मागाहून, निवांत लिहायचे. दहा वर्षं असंच चाललं आणि आमचा कागद कुठेही अडला नाही. शेजारच्या भजनी मंडळानेही आमचं पाहून हीच पद्धत उचलली, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आमचा हॉल म्हणजे जुन्या बंदरातलं गोदाम. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, सागाच्या तुळया, वर कौलं आणि कौलांत मधे मधे काचेची कौलं. खाडीकडच्या भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर चार लाकडी झडपा. समोरच्या भिंतीत अगदी वर, वळचणीखाली, दोरीने उघडायच्या आणखी चार. आम्ही जागा घेतली तेव्हा खालच्या झडपा मला उंदीर यायची वाट वाटली होती आणि त्या कायमच्या बंद करायच्या असं मी यादीत लिहिलंसुद्धा होतं. मावशीने ते होऊ दिलं नाही. तिचा आजेसासरा या गोदामावर हमाल होता. झडपा कशा वापरायच्या ते तिला घरातून ठाऊक होतं.

"भरती लागली का खालच्या उघरायच्या, बाय. मंग घटकाभराने वरच्या. आदी वरच्या उघरल्या तर धूल आत येते."

मी महिनाभर वेळा लिहून पाहिल्या. वारा भरतीबरोबर येतो की दुपार झाली म्हणून येतो, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण मावशी ज्या वेळी दोरी ओढायची, त्यानंतर पंधरा मिनिटांत मशीनवरचं कापड हलायला लागायचं. भर एप्रिलमध्ये आम्ही दोन पंख्यांवर काम करत असू. मावशीची मशीन खाडीकडच्या दुसऱ्या झडपेशी, एका काचेच्या कौलाखाली. तिची नजर अधू होत चालली होती. दिव्याच्या उजेडात काळं कापड तिला दिसत नसे, पण त्या कौलाखाली काळ्या परकराला काळ्या दोऱ्याची टीप ती सरळ मारायची. तिच्या घरात तेव्हा तेवढंच काम होतं. मुलाची होडी मोडून पडली होती.

त्या सभेचा विषय होता वीज. आम्हाला मोटरच्या सहा मशीन घ्यायच्या होत्या. जोडणीला मंजूर असलेला भार वाढवून मिळत नव्हता, म्हणजे दिवे-पंख्यांची वीज वाचवून मशीनना द्यायची, एवढाच मार्ग. अध्यक्षबाईंनी ऊर्जाबचतीवर बोलणाऱ्या एका गृहस्थांना आणलं होतं. ते सकाळी दहाला येऊन हॉल पाहून गेले. त्यांचं म्हणणं: उष्णता कौलांतून उतरते, तर खाली थर्माकोलचं छत करा आणि भोकं बुजवून सरकत्या खिडक्या बसवा. त्यांचं पहिलं वाक्य बरोबर होतं. छपराचं पश्चिमेकडचं पाखं, म्हणजे तिकडचा उतार, खरंच तापायचं. पण दुपारी तीनला ते तिथे थांबले नव्हते.

मी माझी यादी केली होती. एक, पिवळे बल्ब काढून ट्यूबलाइट. दोन, प्रत्येक रांगेला वेगळं बटण. तीन, भिंतींना पांढरा चुना. चार, काचेची कौलं वर्षातून दोनदा धुणे. पाच, पश्चिमेच्या पाख्याला आतून बांबूच्या चटया, काचेची कौलं सोडून. सहा, मशीन उजेडाच्या जागी हलवणे. सात, झडपा आणि काचेची कौलं आहेत तशी राहतील.

यादी वाचून झाल्यावर चर्चा झाली. शहाडची बाई म्हणाली, "थर्माकोल म्हणजे गणपतीच्या मखराचा ना? मग दहा दिवसांनी उतरवायचा का?"

"तुझ्या घरचा गणपती दीड दिवसाचा," दुसरी म्हणाली. "तू मंगळवारीच काढशील."

हसणं ओसरल्यावर मावशी म्हणाली, "वारा बंद झाला का मी घरी. मना दिव्यात शिवता नाय येत. आदीच सांगून ठेवतंय."

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. "मावशी, तुमच्या झडपांना कोण हात लावतंय? मी आहे ना."

सातही कलमं सर्वांना पसंत पडली. पावणेपाच झाले होते. ठाण्याला माझ्या मुलीचं दुसरं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी तिला हलू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मीच तिच्याकडे राहायला निघाले होते. पिशवी दाराशी होती. ठराव लिहायचा राहिला होता.

"तू जा गं बिनधास्त," अध्यक्षबाई म्हणाल्या. "यादी ठेव माझ्याकडे. वही मी पुरी करते."

मी यादी वहीत घालून त्यांच्या हातात दिली. आम्ही दोघींनी हे मंडळ डोंबिवलीला त्यांच्या गॅलरीत दोन मशीनवर सुरू केलं होतं. माझ्या मुलीचं डोहाळजेवण त्यांच्या घरी झालं होतं. वही कोऱ्या पानासह त्यांना देताना माझ्या मनात दुसरा विचार आला नाही, आणि तो यायला हवा होता असं मी आजही म्हणणार नाही. मैत्रिणीला वही देताना कोणी विचार करत नाही.

ठाण्याहून मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परतले. सकाळी अकराला हॉलवर गेले. दारातून आधी दिसला तो पांढरा ट्यूबलाइटचा उजेड. आठही नळ्या चालू होत्या. हात उंच केला तर लागेल असं वाटावं इतक्या खाली पांढऱ्या चौकोनांचं छत आलं होतं. कौलं, तुळया, वरच्या झडपा सगळं त्याच्या पलीकडे गेलं होतं. खालच्या चार झडपांच्या जागी सिमेंट भरून वर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन खिडक्या बसवल्या होत्या. चार पंखे फिरत होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मावशीची मशीन भिंतीकडे सरकवलेली, वर झाकण.

मी आधी वही मागितली. माझी सवय. बारा सह्या, मग अध्यक्षबाईंचं गोल अक्षर. पहिली सहा कलमं शब्दशः माझी. सातवं: छताखाली थर्माकोलचे छत करावे, जुन्या झडपा काढून आधुनिक खिडक्या बसवाव्यात. शेवटी: वरील सर्व सभासदांच्या संमतीने मंजूर. वरील सर्व, म्हणजे त्यात दुसरी सही माझी.

अध्यक्षबाई आल्या, तेव्हा मी पान उघडंच ठेवलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी सांग, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. हे सातवं कलम कुठून आलं?"

"तू असतीस तर नाही म्हणाली असतीस. म्हणून तू नसताना केलं. खोटं कशाला बोलू?"

"पण खाली 'सर्वांच्या संमतीने' लिहिलंत."

"अगं, ठाण्याच्या मंडळाच्या बायका आल्या होत्या, आठवतं? त्यातली एक रुमाल नाकाला लावून बसली होती. गोदाम म्हणाली ती. गोदामच आहे. किती वर्षं आपण गोदामात बसायचं? ते गृहस्थ शास्त्र सांगतात, वीज वाचेल म्हणतात. तुझी कोळीण सांगते ते शास्त्र का?"

"मावशीला तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यांनी माफी मागितली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

दुपारी मी मावशीकडे गेले. तिच्या दारात जवळा वाळत घातला होता आणि ती कावळे हाकत बसली होती. घराच्या कुडाला टेकून, ताडपत्रीखाली, चार झडपा उभ्या. बिजागऱ्यांसकट.

"बस म्हनत नाय तुला," ती म्हणाली. "कशाला आलीस? लिवायचं काय राहिलं?"

मी विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. सुतार आला तेव्हा ती झडपेसमोर बसून राहिली. अर्धा दिवस बसली. मग अध्यक्षबाई वही घेऊन आल्या. आधी माझी सही दाखवली, मग तिची. तिला आपली सही ओळखू आली, कारण दोन वर्षांपूर्वी अंगठा सोडून ती सही करायला लागली होती. शिकवणारी मीच.

"तुजी सही बगून मी उठले. म्हटलं, बायनं केलीय तर काय तरी इचार करून केली आसल. मंग सुताराला म्हटलं, जाळायला नको, मना दे. हातगारीवर आनल्या."

"मावशी, ती सही हजेरीची होती. ठराव नंतर लिहिला. मला माहीत नव्हतं."

"मंग माजी पन हजेरीचीच व्हती. दोगींची गोस्ट एकच." तिने एका कावळ्याला खडा मारला. "पन तुला वाचता येतं."

कोऱ्या पानावर आधी सह्या करायच्या, हे तिला मी शिकवलं होतं. मी सही केली म्हणून ती करायची. अध्यक्षबाईंनी मला फसवलं, हे खरं. पण मावशीच्या दारातून पाहिलं तर वहीत अध्यक्षबाईंचं आणि माझं नाव एकाखाली एक होतं.

ती मंडळात परत आली नाही. पुढे बाजारात टोपली घेऊन बसायला लागली.

मी मंडळ सोडलं नाही. अध्यक्षबाईंशी कामापुरतं बोलत राहिले, 'अहो' म्हणत होते तशीच, पण त्यांच्या घरी पुन्हा गेले नाही. पुढच्या सभेपासून सह्या प्रत्येक ठरावाखाली, वाचून दाखवल्यावर घ्यायला लागले. सभा लांबायची, नळाचं पाणी चुकायचं, बायका कुरकुरायच्या. मीटर मी दर महिन्याला लिहीतच होते. दिवे दिवसभर, पंखे दोनाचे चार, मे महिन्यात सहा. वाचलेली वीज मोटरना द्यायची होती. वाचलं काहीच नाही, म्हणून मोटरच्या मशीन आल्या नाहीत. सिमेंट भरलेल्या भागाभोवती चुन्याच्या भिंतीला ओल धरली आणि दगडांच्या सांध्यांतून पांढरी पूड गळायला लागली. ते गृहस्थ पुन्हा हॉल पाहायला आले नाहीत.

अध्यक्षबाई १९९५च्या सुमारास मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. जाताना किल्ल्या मला दिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मनासारखं कर आता." मी किल्ल्या मोजून घेतल्या, पोच लिहून दिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कौलं सरकून पाणी थर्माकोलवर साचलं. एका शनिवारी दोन चौकोन खजिनदारबाईंच्या कापलेल्या कापडावर येऊन पडले. आम्ही तो हॉल रिकामा केला आणि उरलेलं छत स्वतःच्या हातांनी उतरवलं. शहाडची बाई म्हणाली, "सांगितलं होतं ना, उतरवावं लागेल." पाच वर्षांची धूळ आमच्या केसांत होती. काचेची कौलं धुतली, मशीन जुन्या जागी परत मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाचे चौकोन जमिनीवर जुन्याच जागी पडले, आणि त्यातला एक मावशीच्या मशीनच्या झाकणावर.

मग मी नवी यादी केली. चटया बसल्या. रांगेगणिक बटणं झाली. वरच्या झडपांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. सिमेंट फोडायला चुन्याचं काम येणारा जुना गवंडी शोधला, त्याने दगड न दुखावता चारही जागा मोकळ्या केल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या राहू दिल्या, त्या बाजूला त्यांचा उजेड चांगला पडतो. मोकळ्या जागांना सध्या जाळी ठोकली आहे. वारा येतो, पण उंदीरही येतात, आणि पावसाळ्यात पोती लावावी लागतात.

नव्या झडपा करून देतो असं सुतार म्हणतो. मापं घेऊन गेला आहे. मी त्याला थांबवून ठेवलं आहे.

यादीत दहा कलमांपुढे खूण आहे. मावशीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा गेले. एकदा ती दिसलीही, टोपली डोक्यावर घेऊन समोरून येत होती, आणि मी रिक्षाला हात केला. ताडपत्री बदललेली आहे, एवढं लांबून पाहिलं. म्हणजे झडपा अजून तिथे आहेत आणि ती त्यांची काळजी घेते आहे.

अकरावं कलम असं आहे: मावशीच्या घरी जाणे. वही बरोबर नेणे. ३ मार्चचं पान तिला सगळं वाचून दाखवणे. मग झडपा मागणे.