रूथच्या पुस्तकाचं शेवटचं पान

घोडेगावच्या सुगंधाबाई तीस वर्षं घरोघर बायबल वाचून दाखवत, पण वंशावळींची पानं सरळ उलटत. अमक्याला तमका झाला, हे ऐकायला वेळ कुणाला होता?

एकाहत्तर साली मात्र सगळं त्या वंशावळीतल्या नावांवरच येऊन ठेपलं. बाजारतळावर तान्ही सापडलेल्या मार्थाला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. तिचं ठरलेलं लग्न मोडायला नवऱ्यामुलाचे वडील याकोबराव घरी आले आणि त्यांनी बायबलातलं एज्राचं पुस्तक उघडलं.

"ज्यांचं नाव वंशावळीत सापडलं न्हाई, त्यांना याजकपणातनं, देवाच्या पुजारीपणातनं काढलं. पोरीचा बाप कोन, सांगा बाई."

दाराआड मार्था उभी होती. सुगंधाबाईंनी त्याच बायबलातलं रूथचं पुस्तक काढलं आणि नेहमी गाळलेला शेवट बोट ठेवून वाचला. परक्या मवाब देशाच्या रूथला ओबेद झाला, ओबेदाला इशाय, इशायाला दावीद राजा.

"तुम्ही याजक शोधताय की सून?"

याकोबरावांनी त्या ओळी स्वतः वाचून पाहिल्या. "रूथचं गाव तरी ठाव हुतं."

"हिचंही आहे. घोडेगाव."

याकोबरावांनी चष्मा काढला. "रविवारी चर्चात मंडळीपुढं लग्न पुकारायला सांगतो."