क्लचमास्तरांचा डावा पाय

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या मास्तरांना सगळे क्लचमास्तर म्हणायचे. "ज्याला क्लच कळला, त्याला संसार कळला," असं ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवत. त्यांना स्वतःला यातलं अर्धंच कळलं होतं. लग्नानंतर त्यांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली, तेव्हा फाटकाजवळच्या चढावर गाडी बंद पडली आणि मास्तर चारचौघांत म्हणाले, "तुझ्या पायाला अक्कल नाही." मास्तरीणबाई उतरून चालत घरी गेल्या. तेव्हापासून घरच्या गाडीत त्या कायम मागच्या सीटवर. पुढे बस म्हणून मास्तरांनी आडून आडून किती सुचवलं, पण सरळ माफी मागायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

म्हणूनच बाईंनी इलेक्ट्रिक एसयूव्हीचा हट्ट धरला, तेव्हा मास्तरांनी हूं की चूं केलं नाही. एवढी ऐसपैस गाडी, आता तरी ही पुढे बसेल, असं त्यांना वाटलं. बाई मागेच बसल्या. वर, पाय पसरायला छान जागा आहे म्हणाल्या.

गाडी तशी गुणी होती. मोबाइलसारखी चार्जिंगला लावायची, धूर नाही, आवाज नाही. इतकी शांत, की चालू आहे की बंद हे बघायला मास्तर बॉनेटला कान लावायचे. पण तोंडाची भारी फटकळ. लेन सोडली की टुंग, जांभई दिली की पडद्यावर 'विश्रांती घ्या'. जन्मभर दुसऱ्यांना टोकलेल्या माणसाला शेरास सव्वाशेर भेटली होती. एकदा शेजारच्या सीटवर कलिंगड ठेवलं, तर त्याला पट्टा लावा म्हणून तिने कोकलून रस्ता डोक्यावर घेतला. शेवटी कलिंगडाला पट्टा बांधून मास्तर घरी आले.

खरा घात केला डाव्या पायाने. जन्माची सवय. त्याच फाटकाजवळ, त्याच चढावर पुढची रिक्षा हळू झाली आणि मास्तरांनी सगळा जोर लावून क्लच दाबला. क्लच नव्हताच, रुंद ब्रेक होता. गाडी जागीच थबकली, मागे हॉर्न सुरू झाले. मास्तरांना दरदरून घाम फुटला, आणि गोंधळात पाय पुन्हा तिथेच गेला.

बाई मागून उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "सरका."

मास्तर पोट सांभाळत पलीकडच्या सीटवर घसरले आणि तिथून लायसन्सचं विचारू लागले. ते होऊन वर्ष झालं, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. समोरच्याच स्कूलमध्ये बिनक्लचच्या गाडीवर शिकल्या होत्या, मास्तरांच्या दुपारच्या डुलकीच्या वेळात. तिथले मास्तर ओरडत नाहीत, हेही सांगितलं.

गाडी अलगद चढ चढली. मास्तर मात्र शेजारी बसून डावा पाय जीव खाऊन खाली दाबत होते. तिथे तर काहीच नव्हतं. बाई रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाल्या, "पायाला अक्कल नाही तुमच्या."

मास्तरांचे कान तापले. मग त्यांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यात इतक्या वर्षांची चिकटलेली जीभ सुटली.

"चुकलं माझं तेव्हा. मला शिकवशील?"

गाडी मघापासून टुंग टुंग करत होती.

"आधी पट्टा लावा," बाई म्हणाल्या. "कलिंगडानेसुद्धा लावला होता."