डाग कोणाबरोबर फिरतो

आमचे हे नाकासमोर बघून चालणारे. छापखान्यात तपासनीस आहेत. छापून आलेल्या कागदावर शाईचा ठिपका, पुसट अक्षर, वाकडी रेघ शोधायची, तीही डावा डोळा मिटून, उजव्याला भिंग लावून. पोटासाठी आठवडाभर कागदावरचे डाग आणि सुट्टीच्या सकाळी गच्चीवर सूर्यावरचे. जिन्यातली मुलं त्यांना सूर्यकाका म्हणतात. मी काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुर्बिणीच्या तोंडावर ऊन अडवणाऱ्या चंदेरी पडद्याची टोपी, मागे कॅमेरा. शेकडो फोटो काढायचे, मग कॉम्प्युटरवर त्यातले स्वच्छ तेवढे निवडून एकावर एक रचायचे, की सूर्यावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या दिसू लागतात. "घरात कधी भाजी निवडली नाहीत आणि ऊन निवडत बसलाय!" मी म्हणायची. ते हसायचे. पण एका गोष्टीत थट्टा चालायची नाही. मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला एक लहान दुर्बीण असते. तिला टोपी नव्हती, म्हणून सूर्याकडे वळवताना तिच्यातून बघायचंच नाही. नेम सावलीवर धरायचा. दुर्बिणीची सावली सर्वांत लहान झाली की सूर्य सापडला. गच्चीवर येईल त्याला त्यांनी हे ऐकवून ऐकवून सळो की पळो केलं होतं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "अगं, ये लवकर. केवढा डाग आलाय बघ, अगदी मध्यावर!"

कॉम्प्युटरवर पिवळा गोळा होता. कडेला दोन बारके ठिपके. मध्यावर काहीच नव्हतं.

"कुठे?"

"हा काय, माझ्या बोटापाशी."

"थट्टा पुरे. माझी भांडी पडलीत."

ते थट्टा करत नव्हते. सवयीप्रमाणे डावा डोळा मिटूनच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, कॉम्प्युटरचा पडदा पुसला. त्यांची परीक्षा मला ऐकून ऐकून पाठ झालेली: कॅमेरा फिरवून बघायचा. डाग कॅमेऱ्याबरोबर फिरला तर आतली धूळ, नाही फिरला तर खरंच सूर्यावरचा. त्यांनी फोटो एका बाजूला सरकवला. मग भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 

"माझ्याबरोबर फिरतोय गं," ते म्हणाले.



"काय केलंत तुम्ही?"

"सकाळी पातळ ढग होते. सावलीच पडेना. म्हटलं, ढगाआडून काय होतंय, लहान दुर्बिणीतून पटकन बघून घेऊ. तेवढ्यात ढग सरकला."

"दुखलं नाही?"

"तेच तर. काहीच दुखलं नाही."

मला ओरडायचं होतं, जगाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला दोन शब्द सुनवायचे होते. पण मी फक्त चपला शोधत राहिले, आणि त्या माझ्या पायातच होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याचा आतला पडदा उन्हाने भाजलाय, नेमका मध्यावर. औषध नाही. भरून येईल, कदाचित नाहीही येणार. वाट बघायची. छापखान्याचे मालक म्हणाले, उजवा डोळा सुधारला की या. भल्या सुरात म्हणाले, म्हणून जास्तच भीती वाटली. डाव्याला भिंगाची सवय नाही, आणि ह्यांना दुसरं काही येत नाही. डाग शोधण्यातच उभा जन्म गेलाय.

तेव्हापासून रोज सकाळी मी खिडकीपाशी उभी राहते. ते तळहाताने डावा डोळा झाकतात आणि उजव्याने माझ्याकडे बघतात.

"काय दिसतंय?"

"कान दिसतात. केस दिसतात. मध्ये काही नाही."

"नाकसुद्धा नाही? एवढं मोठं?"

मी विनोद करते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहते. रात्री झोप लागत नाही. डावाही गेला तर, हा विचार डोक्यातून हटत नाही.

आज सकाळी ते एकदम म्हणाले, "दिसलं! नाक दिसलं. फुगलेलंय."

माझे डोळे भरून आले. हसू की रडू कळेना. पुढे होऊन त्यांचा हात धरणार, तोच त्यांच्या बोटांच्या फटीत काहीतरी चमकलं. डावा डोळा उघडा होता.

"बोटं नीट जुळवा," मी म्हटलं.

त्यांनी जुळवली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"कान आहेत," ते म्हणाले.