पेशंटला हात लावण्याआधी

मला यंत्रं बघायची होती. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या एक्स-रे शिकवणाऱ्या शाळेत मी नाव घातलं तेच मुळी यंत्रांच्या ओढीने. नागपूरला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. लग्न झालं, नवऱ्याला इथल्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली, मी मागोमाग आले, बरेच दिवस फक्त जर्मन शिकत बसले. आणि मग ही आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता शिकायची जागा, मिळाली. तीन वर्षं शिकायचं, मग एक्स-रे, सीटी, एमआरआय सगळं करता येतं. पत्र आलं त्या दिवशी मी घरभर नाचले होते. किरण कसे निघतात, कुठे अडतात, फोटो कसा उमटतो, हे सगळं आता हाताने करून बघायला मिळणार!

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला आम्ही शाळेतल्या एक्स-रेच्या खोलीत गेलो. वर्गातल्या बाकीच्या मुली शाळा नुकतीच संपवून आलेल्या, मीच काय ती सत्तावीस वर्षांची घोडी. आमच्या बाई उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, पूर्वी बरीच वर्षं वॉर्डात नर्स होत्या. मी यंत्राच्या सगळ्यात जवळ उभी होते, म्हणून असेल, त्यांचं बोट माझ्याकडेच वळलं.

"आल्झो, चला, तुम्ही. टेबलावर झोपा."

मी झोपले. टेबल टणक आणि गार. बाई सगळ्यांना घेऊन काचेमागे गेल्या आणि दार बंद झालं. छतावर एक दिवा होता, तो थेट डोळ्यांत येत होता. मान वळवावी का? हलू नये असं कोणी सांगितलं नव्हतं, हलावं असंही नाही. काचेमागे कुणीतरी हसलं. मला वाटलं, मलाच हसल्या. खरं तर त्या दुसऱ्याच कशाला तरी हसत होत्या, पण आडवं पडलेल्या माणसाला प्रत्येक हसू आपल्यावरचंच वाटतं, हे मला तिथे कळलं.

थोड्या वेळाने बाई परत आल्या. "काय वाटलं?"

"तुम्ही परत कधी येणार ते माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्यांनी टाळीच वाजवली. "यांना मी काही दुखवलं नाही, टोचलं नाही. तरी या घाबरल्या. का? कारण मी माझं नाव सांगितलं नाही, काय करणार ते सांगितलं नाही, कुठे जाते आणि कधी येते ते सांगितलं नाही. यंत्र तुम्हाला सगळे शिकवतील. मी तुम्हाला हे शिकवणार."

मी उठून बसले तेव्हा माझी पाठ गारठली होती, पण डोकं तापलं होतं. ही गोष्ट मला पुस्तकात सापडली नसती. एका मिनिटात मी तंत्रज्ञ व्हायच्या आधी पेशंट होऊन आले होते! पुढच्या तासाची मी अशी वाट बघायला लागले, जशी लहानपणी गॅदरिंगची बघायचे.

मग रोज काहीतरी नवीन. हात कसे धुवायचे, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा कसे विसरायचे नाहीत. पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचं, कारण घाबरलेला माणूस कुठल्याही नावाला होकार देतो. हलवायच्या आधी सगळ्या नळ्या नजरेने शोधायच्या, सलाइनची कुठे जाते, लघवीची पिशवी कुठे लटकते. आणि भाषा! 'श्वास घ्या, रोखा, सोडा' हे जर्मनमध्ये मी ट्रामच्या स्टॉपवर उभी राहून पुटपुटायचे. एकदा शेजारच्या आजोबांनी खरंच श्वास रोखला की काय, असं वाटण्याइतके ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

त्याच सुमाराला सासू-सासरे तीन महिन्यांसाठी नागपूरहून आले. बाबा एस.टी.तून निवृत्त झालेले, अंगाने भरदार, गुडघे मात्र कुरकुरणारे. सकाळी वंदना म्हणून झाली की त्यांना दिवसभर काय करावं ते सुचायचं नाही. बाहेर थंडी, टीव्हीवर सगळं जर्मन. एका शनिवारी मी धीर करून विचारलं,

"बाबा, तुमच्यावर जरा प्रॅक्टिस करू का? पलंगावरून खुर्चीत बसवायची."

"कर की बेटा," ते लगेच सरसावून बसले. "मी कोण आहे? ऑपरेशन झालेला का?"

"हो. पायात जोर नाही तुमच्या."

"तो तसाही नाही."

आईंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. नवऱ्याने खुर्ची धरली. बाईंनी शिकवलं होतं की माणसाला बगलेत हात घालून ओढायचं नाही. त्याचे पाय मागे घ्यायचे, त्याला पुढे वाकवायचं, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की वजन आपोआप पायांवर येतं. मी बाबांच्या समोर गुडघे वाकवून उभी राहिले.

"अहो बाबा, पाय जरा मागे घ्या. आता माझ्याकडे वाका. अजून. घाबरू नका, मी आहे."

आणि बाबा उठले! तो सव्वा माणसाचा देह असा अलगद वर आला, की आम्ही दोघंही बघतच राहिलो. एरवी पलंगावरून उठताना ते "आई गं" म्हणायचे, या वेळी तोंडातून आवाजसुद्धा नाही.

"परत करू," बाबा म्हणाले. "अवं, बघितलं का? सुनबाईनं फुलासारखं उचललं मला."

"उचललं नाही, तुम्हीच उठलात," मी म्हणाले.

"मग इतकी वर्षं का नव्हतो उठत?"

मग आम्ही परत केलं, परत केलं, शेवटी आई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझी पाळी कधी?" त्या दिवशी जेवायला चार वाजले. त्यानंतर बाबांनी श्वास रोखायची जर्मन आज्ञाही पाठ केली. एकदा मी ती देऊन फोन घ्यायला गेले, तर हे लाल होईपर्यंत श्वास धरून बसलेले. "सोडा म्हणालीच नाहीस!" त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

ते दोघं परत गेले आणि माझं रुग्णालयातलं प्राक्टिकुम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, सुरू झालं. आधी काही आठवडे वॉर्डात. तिथे मी तोंडं पुसली, बेडपॅन दिलं, उशा सारख्या केल्या. एका आजींनी फोटोला जायच्या आधी केस विंचरून मागितले. मी म्हणणार होते की छातीच्या फोटोत केस दिसत नाहीत. म्हटलं नाही. विंचरले. मग त्या खाली जाताना राणीसारख्या बसल्या होत्या खुर्चीत.

आणि मग एकदाची एक्स-रे विभागात पाठवणी झाली. मला शिकवायला एक अनुभवी तंत्रज्ञ होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलायला काटकसरी. पक्की ड्रेस्डेनची. तिच्या तोंडी सारखा 'नू' असायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं ती 'नो' म्हणते, म्हणून मी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवायचे. तिसऱ्या दिवशी तिनेच वैतागून विचारलं, "मी हो म्हणते आहे, तू का थांबतेस?"

तो प्रसंग घडला ती सकाळ गडबडीची होती. वॉर्डातून एक गृहस्थ खुर्चीत बसून आले. पन्नाशीचे, ताडमाड, छप्परं बसवण्याचं काम करणारे. पोटाचं ऑपरेशन होऊन काही दिवस झाले होते आणि छातीचा फोटो उभ्याने काढायचा होता. मी माझं नाव सांगितलं, त्यांच्याकडून त्यांचं वदवून घेतलं, काय करणार ते सांगितलं.

"तुम्ही भारतातल्या का? मग मला योगासारखं उभं करा," ते म्हणाले. मोठ्याने हसले, आणि टाके ओढले गेले म्हणून पोट धरलं.

सलाइनचा स्टँड मी त्यांच्या शेजारी आणला, नळी मोकळी असल्याची खात्री केली. ते उठले. भिंतीवरच्या पाटीला छाती टेकवून, हनुवटी वर, खांदे पुढे, असं मी त्यांना उभं केलं. माझी गुरू काचेमागे जाऊन बसली. आता मी फक्त बाहेर पडायचं, की ती बटण दाबणार.

मी दारापर्यंत गेले. जाता जाता त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी खटकलं. त्यांची बडबड थांबली होती. त्यांनी एक लांबलचक जांभई दिली. कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक दिसत होत्या, आणि खोली गार असून मानेवर घाम चमकत होता.

"थांब!" मी काचेकडे हात केला आणि मागे फिरले. "कसं वाटतंय तुम्हाला?"

"सगळं ठीक," ते म्हणाले, आणि त्यांचे गुडघे गेले.

बाईंनी हे आमच्याकडून गादीवर करून घेतलं होतं. एकीने बेशुद्ध पडायचं, दुसरीने झेलायचं, आणि आम्ही हसून हसून लोळायचो. पण बाई हसत नसत. त्या सांगायच्या, "पडणाऱ्याला वर ओढू नका, तुम्हीही पडाल. त्याला जमिनीकडे जायचं आहे ना, जाऊ द्या. फक्त वेग तुमचा ठेवा."

मी त्यांच्या पाठीशी पोचले होते. एक पाय त्यांच्या पायांमध्ये सरकवला, गुडघा वाकवला, दोन्ही हातांनी त्यांना छातीशी कवटाळलं, टाक्यांच्या वर. तो सगळा भार माझ्या मांडीवर आला. क्षणभर वाटलं, नाही जमणार, माझ्यापेक्षा दुप्पट माणूस हा! पण ते घसरत गेले, माझ्या मांडीवरून खाली, हळू, आणि मीही त्यांच्याबरोबर खाली बसले. शेवटी आम्ही दोघंही फरशीवर होतो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, नळी जागच्या जागी.

गुरू तोवर धावत आली होती. तिने मदतीची घंटा वाजवली, मी त्यांचं डोकं अलगद टेकवलं, तिने त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले. मी नाडी धरून बसले आणि त्यांच्या नावाने हाका मारत राहिले. डॉक्टर येईपर्यंत त्यांच्या ओठांवर रंग यायला लागला होता. त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फोटो चांगला आला का?" त्यांनी विचारलं.

मला हसू आवरेना. डॉक्टरही हसले. रक्तदाब खाली गेला होता, इतके दिवस आडवं राहून एकदम उभं राहिल्यामुळे. बाकी काही नाही. थोड्या वेळाने त्यांचा फोटो आम्ही बसवूनच काढला.

ते गेल्यावर मी भिंतीला टेकले. गुरूने मला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तू मागे का फिरलीस?"

"त्यांनी विनोद करायचं थांबवलं," मी म्हणाले.

"नू," ती म्हणाली. "मला काचेमागून फक्त पाठ दिसत होती." मग माझ्या खांद्यावर एक थाप मारून पुढच्या पेशंटला हाक मारायला गेली. इतकंच. पण मला त्या थापेने असं काही भरून आलं, की संध्याकाळी ट्राममध्ये जागा असूनही मी बसले नाही. पुलावरून जाताना एल्बे नदी लखलखत होती आणि मला डब्यातल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं की आज मी एका माणसाला पडू दिलं नाही. म्हणजे पडू दिलं, पण नीट पडू दिलं! स्टॉप आला तरी कळलं नाही, एक स्टॉप मागे चालत आले.

आठवड्याभराने ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी खुर्ची नाही, स्वतःच्या पायांनी, वॉर्डातल्या नर्सचा हात धरून. मला बघताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आज मला झेलू नका, मी पडणार नाही."

"तरी मी जवळच उभी आहे," मी म्हणाले. त्यांना आधी बाकावर बसवलं, मग सावकाश उभं केलं, विचारलं, थांबले, परत विचारलं. कान गुलाबी होते. बडबड चालू होती. छपरावर चढायला कधी मिळेल, हेच विचारत होते.

मी काचेमागे आले, तर गुरू खुर्ची सोडून बाजूला उभी.

"बस," ती म्हणाली. "तू दाब."

यंत्रासाठी आलेली मी, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसत होते. मायक्रोफोनजवळ तोंड नेलं. शब्द बरोबर आले. श्वास घ्या. रोखा. मी काचेतून त्यांच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. "सोडा!" हे मी जवळजवळ ओरडलेच.

पडद्यावर फासळ्या उमटल्या, मग फुप्फुसं, दोन्ही बाजूंना काळीभोर, स्वच्छ, आणि मधोमध हृदयाची सावली, त्यांच्या डावीकडे झुकलेली. कडेला काही कापलं गेलं नव्हतं, काही हललं नव्हतं. गुरूने वाकून बघितलं, दोनदा बघितलं.

"नू," ती म्हणाली.

आणि मी उठून आत धावले, कारण ते अजून हनुवटी वर करून तसेच उभे होते, आणि झालं म्हणून त्यांना सांगायचं होतं.