रिकामं समजून ज्या वावरात विमान उतरवलं

मंडळी, मी सुखरूप आहे. जे जे फोन करून राह्यले, त्यायले आधी हेच सांगते.

आज सकाळी ट्रेनिंगच्या विमानात मी आणि शिकवणारे सर होतो. मंगरूळपीरच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. सर शांतपणे म्हणाले, "त्या हिरव्या शेतात उतरू."

मी म्हटलं, "सर, ती तूर आहे, डोक्याएवढी उंच. बाजूचं वावर रिकामं आहे, सोयाबीन निघालेलं." शेतकऱ्याची पोरगी ना मी! सरांनी ऐकलं. उतरलो, खरचटलंसुद्धा नाही.

पाहता पाहता गाव जमलं. वावराचे मालक काका मात्र सगळ्यांवर ओरडून राह्यले होते, "धुऱ्यावरून, बांधावरूनच पाहा, आत पाय ठेवू नका!"

तेव्हा मी खाली पाहिलं. चाकांनी उकरलेल्या मातीत हरभऱ्याचे फुगलेले दाणे होते. नुकतंच पेरलेलं वावर मी रिकामं म्हणून दाखवलं होतं.

मी माफी मागितली. काका म्हणाले, "हरभरा पुन्हा पेरू. तू पुन्हा कधी उडतं, ते सांग."

इंजिन बंद पडलं तेव्हा मले लगेच सुचलं होतं. काकाले काय सांगावं, ते अजून सुचलं नाही. तुमी काय सांगितलं असतं?