बुलडॉगचे दोन फर्लांग

मोरीत मुंग्या लागल्या तेव्हा मी आधी मोलकरणीला बोलले. गुळाचं पाणी सांडलं असेल म्हणून तिने राखेने मोरी घासून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच काळी ओळ, भिंतीच्या कडेने येऊन थेट तिथे, जिथे आमचे हे रात्री-अपरात्री उठून लघवीला बसायचे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसापासून मी मोरीत पाय टाकायच्या आधी बादलीभर पाणी ओतायची. शिसारी म्हणजे काय ते मला तेव्हा कळू लागलं. पुढे तर त्यात मी पंडितच झाले.

डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. गूळ-साखर बंद, भात कमी आणि रोज दोन मैल चालणं. आता हे पनवेलातल्या एका भाताच्या गिरणीत दिवाणजी. सकाळी गादीवर बसायचे ते दिवेलागणीला उठायचे, आणि घर ते गिरणी एवढंसं अंतरसुद्धा टांग्यातून. एकट्याने चालायला कंटाळा येतो, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर सरळ मनाचे. म्हणाले, "मग वहिनींना घेऊन जात चला. गप्पा मारत तळ्यापर्यंत जाऊन या."

यावर हे जे हसले! "बायकोला घेऊन बाजारातून हवा खात फिरू? उद्या गिरणीतले हमाल मला विचारायचे नाहीत."

मी औषधाची बाटली पिशवीत ठेवत तिथेच उभी होते. मला न्या म्हणून मी काही कुणाच्या पाया पडले नव्हते. तरी ते हसणं लागलं ते लागलंच.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गिरणीच्या मालकांच्या ओळखीचा मुंबईतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या बुलडॉगला घ्यायला कुणी तयार नव्हतं. यांनी घेतला. घरी येऊन मला समजावलं, "कुत्रा पाळला की त्याला फिरवायला लागतं. त्याच्यामागे माझंही चालणं होईल." एवढी अक्कल चालवली ती चालायचं कसं टाळावं यासाठी होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

कुत्रा टांग्यातून उतरला तो उतरवावा लागला. दोघांनी धरून. मेल्याचं तोंड म्हणजे ओल्या गोणपाटाची गुंडाळी. चपटं नाक, त्यावर घडी, घडीवर घडी, आणि दोन्ही गालांतून लाळेच्या तारा लोंबतायत. ओटीवर येऊन त्याने एकदा घरघर केली, मान हलवली आणि ती लाळ माझ्या नव्या पातळाच्या निऱ्यांवर येऊन चिकटली. मी पातळ तिथल्या तिथे बदललं. हे म्हणाले, "विलायती जात आहे." मी म्हटलं, "विलायतेतली लाळ काय गुलाबपाण्याची असते?"

बरं, नुसतं पाळून भागत नव्हतं. त्या तोंडावरच्या घड्या रोज ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्या लागत, नाहीतर आतून चिघळायच्या. साहेबाचा तसा निरोपच होता. यांना त्याची किळस यायची. म्हणजे फडकं आलं माझ्या हाती. मग घरात यायच्या आधी माझी अंघोळ. झोपला की घोरायचा, जागा असला की वारा सोडायचा, आणि वर माझ्याकडे असं बघायचा की जणू तो मीच सोडला.

चालायचं तर नावच नको. पहिल्या संध्याकाळी हे नवे कॅनव्हासचे बूट घालून, हातात साखळी घेऊन निघाले. बाजाराच्या तोंडाशी कुत्र्याने बैठक मारली ती मारली. साखळी ओढली तर सगळं कातडं पुढे आलं, कुत्रा जागेवर. शेवटी यांनी त्याला कडेवर घेतलं आणि भर बाजारातून घरी आणलं. कोटावर खांद्यापासून खिशापर्यंत लाळ. दुसऱ्या दिवशी दारावर मासे घेऊन येणारी बाई मला म्हणाली, "वैनी, तुमचा कुत्रा चालत नाय काय? मालक त्याला पोरासारका उचलून नेत व्हते. आमी सगल्यांनी बगितला."

बायकोबरोबर चालायची लाज, आणि हे ध्यान कडेवर मिरवायची नाही. मी मासे जरा जास्तच जोरात चिरले.

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते बैलांचे खूर आणि म्हशींची पोटं बघणारे, बुलडॉग बघून खूश झाले. म्हणाले, "या जातीला फार चालवायचं नसतं. नाक चपटं, श्वास पुरत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन फर्लांग, बस. घरघर वाढली की बसू द्यायचं. उगाच मैल मैल ओढलंत तर मरेल."

यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते वाक्य घरात वेदवाक्य झालं. मी म्हणायची, कुत्र्याला घरी सोडा आणि तुम्ही पुढे जाऊन या. तर म्हणायचे, "मुक्या जिवाला घरी टाकून जाऊ? त्याला झेपेल तेवढंच मी चालणार." अहो, पण मधुमेह कुत्र्याला होता का?

तरीही हे रोज पाऊण तास बाहेर असायचे. दोन फर्लांगांना पाऊण तास. मला वाटायचं, बसत-उठत का होईना, चालतायत. पण डॉक्टरांकडे यांची लघवी घालून नळीतलं निळं औषध उकळलं की ते विटकरीच व्हायचं, म्हणजे साखर होती तेवढीच. डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघायचे, जसं काही मीच रात्री उठून यांना लाडू भरवते.

उलगडा केला तो कुत्र्याच्या तोंडाने. एका संध्याकाळी मी फडकं घेऊन बसले, नाकावरची घडी उघडली, तर बोट चिकटलं. खालच्या घडीत पाक. गालाच्या घडीत जिलबीचा तुकडा, लाळेत भिजून फुगलेला, आणि त्याला मुंग्या. जिवंत, वळवळणाऱ्या. मी फडकं टाकलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ओकले. परत आले तर हे झोपाळ्यावर, सुपारी कातरत.

"रोज हलवायाकडे बसता?"

"त्याला दम लागतो. तिथे बाक आहे."

"आणि जिलबी?"

"त्याला आवडते," हे म्हणाले. "एकट्याला कशी देणार? लोक काय म्हणतील, कुत्र्याला जिलबी घालतो म्हणून."

असा माणूस. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होत नाही म्हणतात. आमच्या कुत्र्याला शेपूट नव्हतंच, नुसतं बोंड होतं. वाकडेपणाचा वाटा यांनी उचलला होता. मी आठवडाभर बोलणं टाकलं. त्यांना काही फरक पडला नाही, दोघं वेळेवर निघत आणि वेळेवर येत.

मग घरात वास येऊ लागला. आधी पुसट, मग दार उघडलं की समोर उभा. उंदीर मेल्यासारखा, पण त्यात गोडसर काहीतरी. मी म्हटलं, घड्या चिघळल्या. कुत्र्याला रिठ्याने न्हाऊ घातलं. कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. घड्या उलट्या करकरून बघितल्या, त्या लालसर पण धड. तरी वास तसाच. मी त्याला ओटीवरून अंगणात हाकललं, तर हे त्याला आत घेऊन येत, आपल्या खाटेखाली झोपवत. मी नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची आणि यांना म्हणायची, "एक तर हा घरात राहील नाहीतर मी." हे गप्प. एरवी कुत्र्यावरून शब्द खाली पडू न देणारा माणूस गप्प, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एका दुपारी केरसुणी घेऊन मी खाटेखाली वाकले. हे पडले होते, एक पाय खाटेवरून खाली सोडलेला, पायावर धोतराचा सोगा. आणि कुत्रा त्या सोग्याखाली तोंड घालून चपचप चाटत होता. मी सोगा उचलला. करंगळी काळी पडली होती. काळी आणि ओली. नव्या बुटाने चावलं होतं, तो फोड बरा झाला नव्हता. कुत्र्याच्या जिभेने जखम भरते असं यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून रोज चाटायला देत होते. डॉक्टरांना दाखवलं तर जिलबी निघेल, म्हणून दाखवत नव्हते.

एवढे दिवस मी त्या मुक्या जनावराला घासत होते, आणि सडत होता माझा नवरा.

मला ओकारीही आली नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. हे डोळे न उघडता म्हणाले, "पाय जाईल का गं?" घाबरले होते. खूप दिवसांपासून घाबरलेले होते, आणि हे भय त्यांनी कुत्र्याजवळ बोलून दाखवलं असेल, माझ्याजवळ नाही.

दुसऱ्या सकाळच्या एस.टी.ने ठाण्यामार्गे मुंबई गाठली. पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. इस्पितळात महिना काढला. जखम भरल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता सपाट रस्त्यावर रोज थोडं चाला, पण कुणाचा तरी आधार घेऊन. घरी परतल्यावर गिरणीतला एक हमाल दोन दिवस आधाराला आला. मग भाताचा हंगाम सुरू झाला आणि तो येईना. तिसऱ्या संध्याकाळी हे काठी घेऊन ओटीवर उभे राहिले, बराच वेळ, आणि रस्त्याकडे बघत मला म्हणाले, "चप्पल घाल."

निघालो. यांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर, माझ्या उजव्या हातात कुत्र्याची साखळी. बाजारात लोक बघत होते. यांनी मान खाली घातली होती. मी घातली नाही. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण मला राग आला होता. चार पावलं शेजारी चालायला या माणसाची दोन बोटं कापावी लागली, या विचाराने मला पुन्हा ती जुनी शिसारी आली.

तळं अजून लांब होतं तोच कुत्रा बसला. मी साखळीसकट थांबले. हे मात्र चालत राहिले. देवळात जाताना, एस.टी.वर जाताना, लग्नकार्याला जाताना हे कायम पुढे आणि मी मागून. मागे कोण राहिलं ते बघायची सवयच नव्हती. माझ्या खांद्यावरचा हात सुटला, दोन पावलांवर तोल गेला, काठीने सावरला. मग ते थांबले. वळून माझ्याकडे बघत भर रस्त्यात उभे राहिले.

कुत्रा उठला होता. मी मुद्दाम सावकाश गेले.