कोस्तोवची दोन मिनिटं

बोहुमिला स्क्रिवांकोवाला लोकांना पळताना बघण्याचा वीट आला होता.

आमच्या कोस्तोव–यावोरना गाडीवर ती गार्ड होती. दोन डब्यांची डिझेल गाडी, एकेरी रूळ, मधे ओल्शिनाला समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, एवढाच पसारा. तिकिटं तीच तपासायची, बाळगाड्या तीच चढवायची, आणि कोस्तोव जंक्शनवर सिग्नल हिरवा झाला की मागच्या दारात उभी राहून शिट्टी फुंकायची. तिच्या शिट्टीशिवाय ड्रायव्हर ओल्द्रिख गाडी हलवत नसे.

गाडी फलाट सोडून वळणाला लागते न लागते तोच पलीकडे राजधानीहून आलेली जलद गाडी थांबे. पिशव्या घेतलेली माणसं जिन्याने भुयारात उतरत, धावत आमच्या फलाटावर चढत, आणि आमच्या गाडीचा मागचा लाल दिवा बघत उभी राहत. दोन मिनिटांची चुकामूक. पुढची गाडी दोन तासांनी.

"त्यांना वाटतं, मीच मुद्दाम करते," ती म्हणायची. "मी त्यांच्याकडे बघते, ते माझ्याकडे बघतात. हात हलवावा की नाही तेही कळत नाही."

तिचं घर आमच्या घराला लागून. मी तिला मावशी म्हणते, गाव तिला बोहुना म्हणतं.

ही गाडी मुळात माणसांसाठी नव्हतीच. सम्राटाच्या काळात साखर कारखान्याने बीट वाहायला हे रूळ टाकून घेतले. म्हणून आमच्या यावोरनाचं स्टेशन कारखान्याच्या दाराशी आणि गाव टेकडीच्या मागे. कारखाना कधीच पाडून झाला, त्याच्या चिमणीच्या विटांची लोकांनी खुराडी बांधली, पण गाडी अजून तिथेच थांबते. युद्ध आलं, सरकारं बदलली. प्रत्येक सरकारने एकदा तरी लाइन बंद करायचं ठरवलं आणि मग ते विसरून गेलं. मावशीचे वडील याच रुळांवर लांब दांड्याची हातोडी घेऊन फिरत. त्यांच्या वेळी कोस्तोवला लाल टोपीचा स्टेशनमास्तर असे. जिन्यावर कोणी उरलंय का, हे तो स्वतः वाकून बघे आणि मगच गाडी सोडे. आता सिग्नल दूरच्या शहरातल्या कंट्रोलमधून मिळतो. तिथे पडद्यावर आमची गाडी म्हणजे एक रेघ. जिना त्या पडद्यावर नसतो.

नियमात एक फट होती. जलद गाडीच्या गार्डने फोन करून कळवलं, की यावोरनाला जाणारे प्रवासी आहेत, तर कंट्रोल आमची गाडी थोडी थांबवू शकतो. पण ते गार्ड लांबचे; यावोरना कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नसायचं. आणि आमची माणसं अशी, की बुडत असली तरी काठावरच्याला उगाच त्रास नको म्हणून ओरडायची नाहीत.

त्यांच्यातले सगळ्यात अवघड कुल्हानेक आजोबा. पूर्वी कारखान्यात साखरेचा पाक बघायचे. बायको गेलेली, मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिसला जायचे आणि त्याच जलद गाडीने परतायचे. ते पळत नसत. जिना चढून येत, आमचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत बघत, टोपी नीट करत आणि बाकावर बसत. वेटिंग रूमला दुपारीच कुलूप लागलेलं असे.

"आजोबा, त्या गार्डला सांगा ना, मला पुढे यावोरनाला जायचंय म्हणून," मावशी त्यांना सकाळच्या गाडीत दर वेळी सांगायची.

"कशाला? तो बिचारा त्याच्या कामात असतो."

"अहो, तेच त्याचं काम आहे!"

"बसतो की मी बाकावर. माझं काय जातंय?"

"माझं जातंय," मावशी म्हणायची. "रात्री डोळे मिटले की तुम्ही दिसता. नवरा दिसायला हवा, तर तुम्ही दिसता!"

"मग चांगली टोपी घालत जाईन," आजोबा म्हणायचे.

शेवटी एका शरद ऋतूत ती जिल्ह्याच्या कचेरीत गेली. वाहतूक बघणारा अधिकारी तरुण होता, सज्जन होता. त्याने कॉफी दिली, नकाशा उलगडला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं पुढे ढकलतो. ओल्शिनाचं क्रॉसिंग थोडं सरकवावं लागेल, पण जमेल." आणि त्याने शब्द पाळला. डिसेंबरात वर्षाचं नवं वेळापत्रक लागलं, त्यात आमची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटणार होती. मावशीने खसखशीचे बन भाजले आणि ओल्द्रिखला ड्रायव्हरच्या खिडकीतून दिले. "खा. आजपासून आपण माणसं आहोत."

त्याच डिसेंबरात जलद गाडीही पाच मिनिटं उशिरा येऊ लागली.

पहिल्या दिवशी मावशीला वाटलं, गाडीला उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी तिने फलाटावरचा तक्ता वाचला. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्याला फोन लावला.

"बाई, जलद गाड्या आमच्याकडे नाहीत," तो खरोखर दुःखी आवाजात म्हणाला. "त्या राजधानीतून ठरतात. त्यांनी आम्हाला विचारलं नाही."

"आणि तुम्ही त्यांना विचारलंत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे दोन घरांची एकच भिंत, आणि दोघांनी आपापल्या बाजूने खिळा ठोकला," मावशी म्हणाली. "आता पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायचं?"

"पुढच्या डिसेंबरसाठी नक्की प्रयत्न करू."

त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. आईने तिच्यापुढे बडीशेपेच्या पानांचं सूप ठेवलं. तिने ते ढवळलं, ढवळत राहिली, आणि तसंच ठेवून घरी गेली.

जानेवारीतला तो सोमवार. मी दुसऱ्या डब्यात होते. कोस्तोवला बर्फ नव्हता, नुसता ओला वारा होता. सिग्नल हिरवा झाला. मावशी फलाटावर उतरली, चार पावलं चालून बाकावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. शिट्टी वाजली नाही.

ओल्द्रिखने खिडकीतून डोकं काढलं. "बोहुना, अगं सिग्नल झालाय."

"दिसतोय मला."

"मग?"

"मग काही नाही. दोन मिनिटं. आज कुल्हानेकांचा वार आहे."

"माझी सगळी नोंद होते त्या मशीनमध्ये!"

"तू काहीच करत नाहीयेस. तुला शिट्टी मिळालेली नाही. तसंच सांग."

दोन मिनिटं झाली. जलद गाडी आली नाही. कुठेतरी अलीकडे मालगाडी अडकली होती. ते आम्हाला नंतर कळलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशीच्या खिशातला फोन वाजू लागला. तिने तो हातमोज्यांखाली ठेवला. ओल्शिनाला समोरची गाडी आमची वाट बघत उभी राहिली असणार. एकेरी रुळावर एक अडली की दुसरी अडतेच. डब्यात आधी हसू होतं, मग कुजबुज, मग खिडक्या खाली येऊ लागल्या.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी झाह्राद्कोवा ओरडली, "ए बोहुना, बसलीस काय नवरीसारखी! माझ्या घरी कुत्रं बांधलेलं आहे!"

"नवऱ्याला सोडायला सांग."

"नवरा दुसऱ्या शिफ्टला आहे! तू आमची काळजी करणार की जे आलेच नाहीत त्यांची?"

"जे आले नाहीत त्यांची काळजी दुसरं कोण करतं, सांग ना मला!"

"अहो, आम्हीही दिवसभर उभेच होतो," मागून एक पुरुष म्हणाला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. मावशीने त्याच्याकडे बघितलं. पण ती उठली नाही.

जलद गाडी आली तेव्हा दिवे लागले होते. जिन्यावर पावलं वाजली. दोन विद्यार्थी आले, गुंडाळलेला गालिचा घेऊन एक बाई आली. मावशी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वाकून बघत राहिली. भुयार रिकामं होतं.

कुल्हानेक आजोबा आलेच नाहीत.

तिने शिट्टी फुंकली. यावोरनापर्यंत तिने कोणाचंही तिकीट मागितलं नाही, आणि कोणी दाखवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या दारात गेली. मी सोबत होते, कारण आईने सांगितलं होतं, "तिला एकटीला जाऊ देऊ नकोस, ती म्हाताऱ्याला मारेल." मावशीला वाटत होतं, आजोबा दवाखान्यातच राहिले असतील, किंवा त्याहून वाईट. आजोबा अंगणात लाकडं रचत होते.

"तुम्ही काल कुठे होतात?"

"दवाखान्यात गेलो होतो. शेजारचा रादोवान आता मला मोटारीने नेतो-आणतो. नव्या वर्षापासून."

"तीन आठवडे! मला वाटलं, तुम्ही सकाळची आधीची गाडी धरता आणि संध्याकाळी मी वळणाआड गेल्यावर जिना चढता. आणि मला एक शब्द सांगितला नाहीत?"

"तू एवढी कचेरीत गेलीस, वेळ बदलून आणलीस. तुला वाईट वाटलं असतं. म्हटलं, कशाला त्रास."

मावशी लाकडांवर बसली. मग म्हणाली, "तुमच्यासाठी मी सगळी लाइन अडवली, आजोबा. ओल्शिनापर्यंत."

"ऐकलं मी." ते ओशाळून हसले. मग त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "मला गाडीच आवडते, बोहुना. मोटारीत रादोवान राजकारण बोलतो. पण बाकावर कंबर गोठते गं. हे मी तुला कधी सांगितलं नाही."

"नाही सांगितलंत."

"सांगायला हवं होतं."

"हो," मावशी म्हणाली. "हवं होतं."

शिक्षा महिन्याभराने आली. तिला आमच्या लाइनवरून काढून जलद गाडीवर टाकलं. लोकांनी त्यात गंमत शोधली. मावशीला सापडली नाही. रोज लांबची ड्युटी, अनोळखी माणसं, कोस्तोवला जेमतेम मिनिटभर थांबा. पण कंट्रोलला फोन करणारा गार्ड आता तीच होती. ती दर फेरीला डब्यांतून फिरून विचारते, "यावोरनाला कोणी?" तरी लोक मान हलवून नाही म्हणतात. मग कोस्तोवला उतरून पळतात. तिचा जीव अजूनही तसाच जळतो, फक्त दुसऱ्या बाजूच्या दारातून.

मार्चमध्ये कुल्हानेक आजोबा पुन्हा गाडीने जाऊ लागले. त्या दिवशी मीही शहरातून परतत होते. मावशी आमच्या डब्यात आली, तेव्हा आजोबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"यावोरनाला," ते मोठ्याने म्हणाले. सगळा डबा वळून बघू लागला. त्यांचे कान लाल झाले, पण हात वरच होता.

मावशीने फोन लावला.

"एकच प्रवासी?" पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"मी धरून दोन," मी म्हटलं.

"दोन," मावशी म्हणाली. "एकाला पळता येत नाही."

"तीन मिनिटं. त्याच्यावर एक सेकंद नाही."

कोस्तोवला आमची छोटी गाडी उभी होती. मागच्या दारात नवी गार्ड घड्याळ बघत होती. मी आजोबांचा हात धरला. भुयाराचा जिना उतरून, दुसरा चढून आम्ही वर आलो, तेव्हा खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "झालं का एकदाचं?" आजोबांनी टोपी काढून त्याला नमस्कार केला आणि दांडा धरून एकेक पायरी चढले.

मी पलीकडे बघितलं. सिग्नल हिरवा होता, तरी जलद गाडी अजून हललेली नव्हती. तिच्या उघड्या दारात मावशी उभी होती, एक हात दांड्यावर, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. आजोबा आत बसलेले दिसल्यावर तिने तो कानाला लावला.

"काही नाही," ती म्हणाली असावी. दार बंद झालं.